आत्याबाईंना मारायचं की जगवायचं

पुण्याहून पत्र आलं त्या दिवशी मी अंगणात तूर पाखडत होते. आमचे हे दारातूनच ओरडत आले, "आलं गं, आलं! पुण्याचं आलं!" पाकीट फोडलेलं नव्हतं. फोडून उपयोगही नव्हता म्हणा. हे शिकले आळंदच्या सरकारी शाळेत, म्हणजे उर्दूत. निजामाचं राज्य, कचेरी उर्दू, शाळा उर्दू. कुणाला अर्ज लिहून घ्यायचा असला, कोर्टाचा कागद वाचून घ्यायचा असला, तर अर्धी गल्ली ह्यांच्याकडे यायची. मराठी बोलायचे ते माझ्यापेक्षा फर्डं. पण बालबोध अक्षर समोर आलं की हे चष्मा शोधायला लागायचे, आणि चष्मा ह्यांना नव्हताच.

मी सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि पत्र वाचलं. जर्मनीची दुसरी लढाई सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची ही गोष्ट. सहा महिन्यांपूर्वी मी पुण्याच्या एका प्रकाशकांना माझी कादंबरी पाठवली होती. अक्कलकोटला जाणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती पुडकं दिलं होतं, तिकडून टपाल लवकर पोचतं म्हणून. पाठवलं आणि विसरून गेले, असं मी लोकांना सांगायची. खरं तर रोज त्या गाडीवाल्याची वाट बघायची.

पत्र फार सभ्य होतं. कादंबरी आवडली, भाषेत नवा गोडवा आहे, मोगलाईतल्या एका गृहिणीनं असं लिहावं ह्याचं कौतुक वाटतं, वगैरे. कापडी बांधणी करू, मासिकांतून जाहिरात देऊ, खर्च सगळा आमचा. एवढं वाचून माझे पाय जमिनीवर नव्हते. मग खाली एक परिच्छेद. 'मात्र शेवट बदलावा लागेल. तरुण वयात विधवा झालेली बाई तुरीचा व्यापार करते, मुलगा मोठा करते आणि शेवटी दारात उभी राहून हमालांना शिव्या देते, ह्यात वाचकाच्या मनाला हुरहूर लागत नाही. नायिकेला मृत्यू यावा. शक्य तर तीर्थक्षेत्री. एवढं केल्यास पुस्तक दिवाळीपूर्वी काढतो.'

"काय म्हणतायत?" ह्यांनी विचारलं.

"छापतो म्हणतायत."

माझं पुढचं वाक्य ऐकायला हे थांबलेच नाहीत. तसेच उलट्या पावली बाजारात गेले आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या आळंदला सांगून आले की, आमच्या घरातलं पुस्तक पुण्याला छापतायत. मी तिथेच पत्र हातात धरून बसले, कारण पुढची अडचण मोठी होती. ज्या बाईला मारायला सांगितलं होतं, ती माझ्यापासून दहा हातांवर बसून शेंगा फोडत होती.

ती म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, सगळा बाजार त्यांना अक्का म्हणायचा. कादंबरीतली बाई म्हणजे त्याच, हे मी कधी लपवलं नाही आणि लपवलं असतं तरी लपलं नसतं. नवरा गेला, दीर जमिनीवर डोळा ठेवून बसले, आणि ह्या बाईनं एक बैलगाडी जोडून गावोगावची तूर आळंदच्या बाजारात आणून विकायला सुरुवात केली. कानडी गावात कानडी, मराठी गावात मराठी, आणि करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर अशी झणझणीत उर्दू की नाकेदार उठून उभा राहायचा. रोज दुपारी त्या मला एकेक हकीकत सांगायच्या आणि मी लिहून काढायची. लिहिलेलं वाचून दाखवलं की त्या दुरुस्त्या करायच्या. "दोन बैल न्हाईत गं, एकच हुता. दुसरा माजा दीर." असलं काहीतरी. मी तेही लिहायची.

लिहायची सवय मला माहेरची. गाणगापूरला वडिलांचं छोटं दुकान होतं, दत्ताच्या यात्रेकरूंसाठी. कुंकू, कापूर, जानवी, आणि हातानं लिहिलेल्या आरत्या. छापील आरत्या तेव्हा इकडे फारशा यायच्या नाहीत. वडील लिहायचे, आणि मी सात-आठ वर्षांची झाल्यापासून मीही. पौर्णिमेच्या आधी आम्ही बापलेक ओळीनं बसून आरत्या लिहून काढायचो. माझं अक्षर लोक मुद्दाम मागून न्यायचे. त्याचा मला गर्व होता. अजून आहे, कशाला खोटं बोलू.

तर पुण्याचा शेवट. मी चार दिवस कुणाला काही बोलले नाही. मनाशी म्हटलं, कादंबरीतली बाई मेली तर खऱ्या बाईचं काय बिघडतं? कागदावरचं मरण ते. शिवाय पुणं! माझ्या नावाचं कापडी बांधणीचं पुस्तक कुणी अनोळखी बाई पुण्यात पाटावर बसून वाचते आहे, असं चित्र मी मनात इतक्या वेळा काढलं होतं की त्या बाईच्या पातळाचा रंगसुद्धा माझा ठरलेला होता. ह्या कोपऱ्यात राहून मराठी लिहिणाऱ्या माणसाला पुण्याचं बोलावणं म्हणजे काय, ते कुणाला सांगून कळायचं नाही. मला ते पाहिजे होतं. फार पाहिजे होतं.

म्हणून पाचव्या दिवशी बसले आणि आत्याबाईंना मारलं.

मारलं पण चांगलं हो! गाणगापूरच्या संगमावर नेलं. माझ्या माहेरचंच गाव, तिथली एकेक पायरी माझ्या ओळखीची. पहाटेची वेळ, पाण्यावर धुकं, दूर काकडआरती. बाई संगमात उतरते, हात जोडते, आयुष्यभराचं दुःख आठवते आणि तिथेच मान टाकते. लिहिता लिहिता मलाच हुंदका आला. शेवटचं वाक्य लिहून मी डोळे पुसले आणि म्हटलं, बास, पुण्याला ह्याहून जास्त हुरहूर कुणी देऊ शकणार नाही.

आता हे त्यांना वाचून न दाखवता पाठवणं माझ्या मनाला पटेना. आजवर एक ओळ मी त्यांना न ऐकवता पुढे नेली नव्हती. दुपारची जेवणं झाल्यावर मी त्यांच्यासमोर बसले आणि वाचायला सुरुवात केली. त्या शेंगा फोडायच्या थांबल्या. मन लावून ऐकलं. शेवटाला तर त्यांनी खरंच पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, जिंकलं.

"लई चांगलं लिवलंस," त्या म्हणाल्या. "मला बी रडू आलं. पन एक समजलं न्हाई. मी मेले कामून?"

"म्हणजे?"

"म्हंजी, काय झालं हुतं मला? ताप न्हाई, खोकला न्हाई. चालत चालत गेले, पान्यात उतरले आन मेले. पाय घसरला का?"

"नाही हो. दुःखानं."

"दुःखानं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी डाळीत मीठ घालायला विसरले आहे. "कवाची गोष्ट हाय ही? कंचा म्हैना?"

मी लिहिलं होतं पौष. ते सांगितलं मात्र, आत्याबाई खवळल्याच. "अय्यो! पुसात? ऐन तुरीच्या सुगीत? आगं, सुगीत मला मान वर करायला सवड नसती, आन मी दुःख करायला संगमावर जाईन व्हय? माल काय कुत्र्याच्या जिवावर सोडून?"

मला हसू आवरेना. त्याही हसायला लागल्या. मग मी त्यांना पुण्याच्या पत्रातलं सगळं खरं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि परत एक शेंग उचलली. "तुजं पुस्तक हाय, बाई. मारायचं तर मार. पन चार दिस ताप तरी येऊ दे. लोकाला काय वाटंल, धडधाकट बाई टपकन मेली."

मी उठायला लागले. तेवढ्यात त्या खाली बघूनच बोलल्या, अगदी हळू. "तुजा सासरा गेला तवा मी वीस वर्साची हुते. तुजा नवरा पोटात. समदी भावकी वसरीवर बसून बोलायली हुती, ही बी आता काय ऱ्हात न्हाई, हिचं बी आटपलंच म्हना. मी आत बसून ऐकायले हुते. मला वाटलं, समदे म्हनायलेत म्हंजी आपुन मरतच असनार. चार दिस वाट बघितली बघ मी. पाचव्या दिशी भूक लागली." त्यांनी शेंग फोडली. "त्येंच्या म्हनन्यावरनं न्हाई मेले. आता पुन्याच्या मानसाच्या म्हनन्यावरनं मरू व्हय?"

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! बत्तीस वर्षांपूर्वी भावकीनं जे ओसरीवर बसून केलं, ते मी पाटावर बसून, सुवाच्य अक्षरात केलं होतं. वरून त्यांनाच वाचून दाखवलं होतं. संगमावरचं ते प्रकरण मी तिथल्या तिथे चुलीत घातलं, आणि ते चार दिवस पुस्तकात घालायचं ठरवलं. आत्याबाई म्हणाल्या, कागद कामून जाळायलीस, मागची बाजू कोरी हुती.

पुण्याला मी लिहिलं, शेवट बदलता येत नाही, कारण नायिकेची तयारी नाही. ह्यांना सांगितलं तेव्हा हे डोक्याला हात लावून बसले. "आगं पन मी साऱ्या बाजारात सांगून बसलोय की! आता काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा, आम्हीच छापतोय." तोंडातून निघून गेलं ते. पण निघाल्यावर बरं वाटलं.

पुण्याचा मोह मात्र असा एका दिवसात गेला असं समजू नका. कितीतरी दिवस मी तव्यावर भाकरी टाकली की मनात हिशोब मांडायची: तिकडे कापडी बांधणी, इकडे काय? तिकडे मासिकात जाहिरात, इकडे आमचे हे आणि ह्यांचा आवाज. तिकडे पुस्तक चुकलं तर प्रकाशक चुकला, इकडे चुकलं तर मी. ह्या शेवटच्या गोष्टीची मला फार भीती वाटायची. आणि ती भीती खरी ठरली, ते पुढे सांगते.

खर्चाची गोष्ट आत्याबाईंनी एका वाक्यात मिटवली. "माज्या जगन्याचा खर्च मी करीन," म्हणाल्या, आणि कोठारातली तूर बाजाराला काढली.

मराठी खिळ्यांचा छापखाना सोलापुराला होता, पण तिथे आमच्या ओळखीचं काळं कुत्रं नव्हतं. गुलबर्ग्याला ह्यांच्या एका शाळासोबत्याच्या वडिलांचा शिळाछापखाना होता. उर्दू पुस्तकं, लग्नाचे रुक्के, जाहीरनामे असं सगळं तिथे दगडावरून छापायचे. आम्ही दोघं मोटारीनं गेलो. मालक पिकल्या दाढीचे, फार मायाळू. त्यांनी समजावून सांगितलं: कातिब, म्हणजे सुंदर अक्षरात लिहिणारा माणूस, मसाला लावलेल्या पिवळ्या कागदावर चिकट शाईनं लिहितो. तो कागद दगडावर पालथा दाबला की अक्षर दगडावर उतरतं, मग दगडावरून हव्या तेवढ्या प्रती काढा.

"लेकिन बेटी," ते म्हणाले, "मेरे कातिबाँ को तुम्हारा हरफ नैं आता. तुमीच लिख देव ना!"

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. म्हणजे जे अक्षर मी लिहीन, तेच छापून येणार! पुण्याच्या खिळ्यांत हे कुठे होतं? मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

पुढचे तीन महिने घरात सोवळं पाळावं तसा तो पिवळा कागद पाळला. त्याला तेल चालत नाही. तुपाचं बोट लागलं की दगडावर डाग उठतो, आणि तो डाग प्रत्येक प्रतीवर छापून येतो. मी तीन महिने केसांना तेल लावलं नाही. माझं डोकं बघून शेजारणी विचारायच्या, माहेरी कुणी गेलं का म्हणून. चूल आत्याबाईंनी घेतली. मी माजघरात पाटावर कागद ठेवून, हाताखाली दुसरा कोरा कागद धरून, श्वास रोखून लिहायची. कुणी उंबऱ्यापाशी आलं की आत्याबाई आतून गरजायच्या, "लांब! लांब ऱ्हावा! पुस्तक व्हायलंय!" जणू मी बाळंतीण.

आणि एवढं करून डाग पाडला कुणी? त्यांनीच. एक दिवस मी पाणी प्यायला उठले तर त्या वाकून बघत होत्या. "ह्यात मी कुटं हाय गं?" मी लांबूनच सांगितलं, ती तिसरी ओळ. "ही व्हय?" म्हणून त्यांनी फोडणीचा अंगठा नेमका त्या ओळीवर ठेवला. मी किंचाळले. ते पान परत लिहायचं म्हणजे कागद गुलबर्ग्याहून मागवायला हवा होता. शेवटी तसंच दिलं. सगळ्या प्रतींत त्या पानावर अंगठा आहे.

लिहिलेली पानं गेली. छपाई सुरू झाली. पहिला छापलेला तुकडा घडी घालून तयार झाला, येऊन नजरेखालून घाला, असा निरोप आला. नेमका त्याच वेळी आमच्या धाकट्या मुलीला गोवर निघाला. मी कशी जाणार? हे म्हणाले, मी जातो, त्यात काय एवढं, पानं एकामागून एक लागली आहेत का तेवढंच तर बघायचं. आकडे मला येतात. खरंच, मराठी आकडे ह्यांना येत होते. गेले, बघून आले. "एकदम दुरुस्त," म्हणाले. "एक, दोन, तीन, चार, समदं ओळीनं. मी सांगून आलो, असंच बांधा."

महिन्याभरानं गठ्ठे आले. ह्यांनी सुतळी कापली. मी वरचं पुस्तक उचललं, उजव्या हातात धरलं, डावीकडून उघडलं. समोर लिहिलं होतं, 'समाप्त'.

मला वाटलं, हे एक चुकलेलं दिसतंय. दुसरं उघडलं. समाप्त. तिसरं. समाप्त. एकूण एक पुस्तक समाप्त! हे म्हणाले, "काय झालं? बरोबर तर हाय." त्यांनी एक पुस्तक उचललं आणि सहज उजवीकडून उघडलं. त्यांच्यासमोर पहिलं पान.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. छापखाना उर्दू, दगडावर पानं मांडणारा उर्दूवाला, बांधणारा उर्दूवाला, आणि तपासायला पाठवला तोही उर्दूवाला! त्या सगळ्यांच्या जन्मात पुस्तक उजवीकडूनच उघडत आलं होतं. ओळी माझ्या, डावीकडून उजवीकडे. पानं मात्र उजवीकडून डावीकडे. आम्ही दोघं नवराबायको समोरासमोर, एकच पुस्तक दोन दिशांनी उघडून उभे होतो.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. मला राग आला की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. हे बिचारे एकच म्हणत होते, "आगं पन पुस्तक उघडायचं तर हिकडूनच ना?" त्यांना खरंच कळत नव्हतं. तीन महिने बिनतेलाचं डोकं, डोळ्यांची आग, आणि हाती हे उफराटं बाड! त्या दिवशी मला पुण्याची फार फार आठवण आली. शेवट बदलला असता तर निदान सुरुवात जागेवर असती, असंही मनात येऊन गेलं. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही आणि गठ्ठ्यांवर गोणपाट टाकून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "तोंड कामून फुगवून बसलीस?" मी सांगितलं. त्यांनी एक पुस्तक हातात घेतलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. वाचता त्यांना कुठूनच येत नव्हतं. "मी जित्ती हाय का ह्यात?"

"आहात."

"मंग कुटूनका उघडंना," म्हणाल्या आणि एक गठ्ठा उचलून अडतीवर घेऊन गेल्या.

आणि गंमत बघा, अडतीवर कुणाला काही चुकलंय हे कळलंच नाही! बाजारातले वाचणारे सगळे सरकारी शाळेचे. पुस्तक उचलायचे, उजवीकडून उघडायचे, पहिलं पान बघायचे. बालबोध येणारा एक मुनीम होता, तो बाजार उठला की गोण्यांवर बसून मोठ्यानं वाचायचा. एक जण कानडीत सांगत जायचा, अधूनमधून कुणी दखनीत शेरा मारायचा. नाक्यावरचं प्रकरण वाचलं त्या दिवशी म्हणे खुद्द जुना नाकेदार येऊन बसला होता आणि म्हणाला, हे बाईनं कमीच लिवलंय. चुकलंय म्हणणारा एकच निघाला, अक्कलकोटचा कापडवाला. त्याला सगळ्यांनी मिळून समजावलं की, शेठ, तुमी उलटं धरलंय.

एक प्रत मी पुण्याला पाठवली. खुन्नस म्हणा हवं तर. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. प्रकाशकांनी लिहिलं होतं की पुस्तक उघडताच प्रथम शेवटच वाचनात आला. बाई जिवंत राहतात हे आधीच कळल्यावर पुढे वाचवेल की नाही अशी शंका होती, परंतु दोन दिवसांत संपवलं. तरीही आमच्याकडे शेवट बदललाच असता. खाली सही. माणूस सरळ होता, मला त्यांचा राग कधीच आला नाही. मी ते कार्ड ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, बघ, माझ्यामुळं त्यांनी आधी शेवट वाचला. म्हणजे आता श्रेयसुद्धा ह्यांचंच!

त्यानंतर थंडीत, एका बाजारच्या दिवशी, आमच्या दारात बैलगाडी थांबली. दुबलगुंडीहून आली होती, हुमनाबादच्या बाजूनं; एवढ्या लांब गाडी हाकत कुणी येत नाही. गाडीतून एक जण उतरला आणि मागून एक मुलगी. वीस-एकवीसची असेल. कपाळ मोकळं, हात मोकळे. मला काय ते कळलं.

मुलगी खाली बघत उभी राहिली. बरोबर आलेला तिचा भाऊच बोलला. "आमच्या गावच्या मास्तरनं पुस्तक आनलंय तुमचं. वसरीवर वाचत हुते, हिनं आतून ऐकलं. दोन दिस झाले, भाकर गिळंना. म्हनती, ती बाई खरी हाय का बघायचं. खरी हाय, का लिवलेली हाय?"

आत्याबाई कोठारापाशी हमालांवर ओरडत होत्या. मी हाक मारली. त्या पदरानं हात झाडत आल्या, मुलीकडे एकदा बघितलं, तिच्या कपाळाकडे बघितलं, आणि ओरडणं थांबलं.

"काय बघायलीस, बाळ?"

"तुमी त्याच का?" तिनं विचारलं. "पुस्तकातल्या? न मेलेल्या?"

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "मीच ती."

"किती वर्सं झाली?"

"बत्तीस."

"बत्तीस," ती मुलगी म्हणाली. मग परत एकदा, स्वतःशीच, "बत्तीस." आणि तिनं हात पुढे करून आत्याबाईंच्या दंडाला लावला, बैल बघताना लावतात तसा, चांगला दाबून. आत्याबाईंनी लावू दिला. भाऊ तोंड फिरवून गाडीच्या जुवाशी काहीतरी करायला लागला. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते पुसायचंही भान नव्हतं.

"जेवलीस का?" आत्याबाईंनी विचारलं.

तिनं मान हलवली, न्हाई.

"मंग बस."

मी घाईघाईनं आतून एक प्रत आणली आणि तिच्यापुढे धरली. ती संकोचली. "मला वाचता येत न्हाई, ताई," म्हणाली. "मला फकस्त बघायचं हुतं."

मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि चुलीपुढे बसले. आत्याबाई तिच्याशेजारी बसून तिला गावातल्या तुरीचा भाव विचारत राहिल्या. तिनं खाली मान घालून एक भाकरी खाल्ली, मग दुसरी. तिसरी तिनं स्वतः मागून घेतली.